बीजेजेत ताकद लागते की नाही, एकदा खरं काय ते सांगा

पाषाणचा_पांढरा
नमस्कार मंडळी. पुण्यात बीजेजे म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतोय, जमिनीवर लोळवून सांधा किंवा गळा आवळायची कुस्ती. व्हाइट बेल्ट म्हणजे सगळ्यात खालचा पट्टा, त्यावरची स्ट्राइप एकही नाही. आयटीतली बसून करायची नोकरी, वजन ६२, जिमची मेंबरशिप घ्यायची आणि वाया घालवायची हा इतिहास. इथे आलो तेच मुळी लहान चणीचा माणूस मोठ्याला हरवू शकतो हे ऐकून, या खेळातल्या रॉइस ग्रेसीच्या लढतींचे जुने व्हिडिओ बघून डोकं फिरलं होतं.

आता प्रॉब्लेम असा की ड्रिलमधे, म्हणजे ठरवून केलेल्या सरावात, सगळं जमतं. हिप एस्केप (कंबर सरकवून निसटणं), ब्रिज मारून (कंबर उचलून) उलटवणं, क्लोज्ड गार्डमधून (खालून त्याच्या कमरेभोवती पाय बांधून) आर्मबार (कोपर उलटं ताणायचा डाव), समोरचा गप पडून असला की मी एकदम चँपियन. पण रोलिंग, म्हणजे खरी झटापट, सुरू झालं की सगळं गायब. आमच्याकडे एक मुलगा आलाय, माझ्यानंतर आलाय बरं का, ९० किलोच्या आसपास, जिमचं शरीर, त्याला डाव म्हणाल तर शून्य येतात, तो नुसता धरतो. मी कसाबसा गार्ड पास करून (त्याचे पाय ओलांडून) साइड कंट्रोलला (बाजूने त्याच्या छातीवर) पोचलो तरी खालून माझी मान काखेत घेतो आणि दाबून बसतो. आर्मबार लावायला गेलो तर हात दुमडतो आणि मला उचलून उभा राहतो, मी त्याच्या हाताला लोंबकळत.

कोच म्हणतात ताकद वापरू नकोस, टेक्निक वापर. आणि क्लास संपला की एक ब्लू बेल्ट (माझ्या पुढचा पट्टा) दादा हळूच सांगतो की आधी सहा महिने डेडलिफ्ट कर मग इथे ये. कोणाचं ऐकू? आणि ताकद लागतच असेल तर सगळेजण लागत नाही असं का सांगत सुटलेत?

डोंबिवलीकर_७२
आधी त्याला सांग गी (खेळायचा जाड डगला) धुवून ये, काखेत मान असताना तो जास्त मोठा प्रश्न असतो 😄

मॅटवरचा_मामा
ताकदीचं नंतर बोलू, आधी तू जे दोन प्रसंग लिहिलेस ते बघू कारण दोन्हीकडे डाव अर्धवट लागलाय.

आर्मबार. तो उचलतो म्हणजे तुझे गुडघे उघडे आहेत आणि कंबर त्याच्या खांद्यापासून लांब आहे, त्याच्या मानेवर टाकलेला पाय नुसता ठेवलेला आहे, खाली दाबत नाहीये. त्याचं डोकं वर आलं की तो उभा राहणारच, ९० काय ७० चा पण राहील. क्लोज्ड गार्डमधून आर्मबार लावताना समोरासमोर सरळ पडून राहायचं नाही, कंबर सरकवून त्याच्याशी आडवं व्हायचं, त्याच्या कानाकडे बघता आलं पाहिजे, मग गुडघे एकमेकांकडे आवळायचे, आणि मानेवरच्या पायाने त्याला खाली ओढत ठेवायचं. हे झालं की त्याचा एक हात आणि तुझी अख्खी कंबर, मांड्या, पाठ असा सामना होतो, तिथं ९० किलोचा बायसेप्स पण फार वेळ टिकत नाही. तुझ्याकडे आत्ता काय होतंय की तू तुझ्या हातांनी त्याचा हात सरळ करायला बघतोयस, म्हणजे हाताविरुद्ध हात, त्यात तू हरणारच. आणि हो, त्याने तुला जमिनीवरून उचललं की लगेच सोड. आपटणं स्पर्धेत बाद आहे पण नवीन माणसाला ते माहीत असतंच असं नाही.

दुसरं ते मान धरणं. तू साइड कंट्रोलला वर आहेस आणि तो खालून मान धरून बसलाय तर खूश हो. त्याच्या मान धरलेल्या हाताच्या उलट्या बाजूला तू आहेस ना बघ, असशील तर त्याच्या मानेखाली घातलेल्या तुझ्या हाताने दुसरा हात पकड, छाती जमिनीकडे सोड आणि खांदा त्याच्या गळ्यात रुतव. याला फॉन फ्लू म्हणतात. तो जेवढा वेळ धरून बसेल तेवढा स्वतःच गुदमरेल, सुटायचा एकच मार्ग म्हणजे तुझी मान सोडणं. यात तुला ताकद नाही लागत, वजन नीट सोडता यायला लागतं, ६२ किलो त्याला पुष्कळ झाले.

तांबडीमाती
मामांनी डाव बरोबर सांगितलेत पण मूळ प्रश्नाला बगल दिली. मी सांगतो. लागते ताकद. आम्ही कोल्हापूरकडचे, लहानपण तालमीत गेलं, आता नोकरीमुळं मुंबईत आहे आणि काही वर्षं जिउ-जित्सू करतोय. तालमीत पोरगं आलं की वस्ताद आधी जोर बैठका घालायला लावतो, माती उकरायला लावतो, मान तयार करून घेतो, डाव त्याच्याबरोबर हळूहळू येतात. कुणी वस्ताद असं म्हणत नाही की ताकद नको. आणि कुणी असंही म्हणत नाही की नुसत्या ताकदीवर कुस्ती निघते. हा ताकद विरुद्ध टेक्निक झगडा मला इथं येऊनच पहिल्यांदा ऐकायला मिळाला.

खाशाबा जाधव घ्या. गोळेश्वरचा माणूस, १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात ब्राँझ. लहान चणीचे, चपळ, ढाक त्यांचा हुकमी डाव. आता ढाक म्हणजे काय, मान आवळून कमरेवरून फेकणं, त्यात चपळाई पाहिजे, वेळ साधता आली पाहिजे आणि आवळायला ताकद पण पाहिजे, यातलं एक काढलं तर ढाक बसत नाही. आणि लक्षात घ्या, ते ५७ किलोत लढले, हेवीवेटच्या समोर नाही उभं केलं त्यांना कोणी.

बाकी ताकदवान माणसाचं नुकसान कुठं होतं ते पण सांगतो, कारण आमच्याच लोकांत बघितलंय. पैलवान बीजेजेला आला की त्याला पाडणं अवघड, पट काढण्यात (पाय धरून पाडण्यात) बाप, तोल जबरदस्त, पकड लोखंडी. पण खाली गेला की सवयीने पोटावर पालथा होतो. कुस्तीत पाठ टेकली की संपलं ना, ते अंगात भिनलेलं असतं. इथं पालथं होणं म्हणजे समोरच्याला पाठ देणं, चार पॉइंट आणि वर गळा. असा भला दांडगा गडी ६० किलोच्या पर्पल बेल्टकडून (ब्लूच्या वरचा पट्टा) परत परत चोक होताना, म्हणजे गळा आवळून हरताना बघितलाय. त्याची ताकद कमी नव्हती, चुकीच्या दिशेला चाललेली होती.

एडिसनकर
न्यू जर्सीहून लिहितोय, इथे दहा मिनिटांच्या ड्राइव्हवर तीन अ‍ॅकॅडमी सापडतात त्यामुळे हा वाद दर आठवड्याला ऐकतो.

"सगळे खोटं का बोलतात" याचं उत्तर इतिहासात आहे. ग्रेसी घराण्याने हा खेळ विकला तोच या गोष्टीवर. हेलिओ ग्रेसी किडकिडीत होता, मित्सुयो माएदा या जपानी जुदोकाकडून ब्राझीलमधे आलेले डाव त्याने कमी ताकदीत बसतील असे बदलले, अशी ती कथा. कथेत तथ्य आहे पण पूर्ण नाही. त्याच हेलिओची सगळ्यात गाजलेली कुस्ती म्हणजे १९५१ ची, रिओच्या माराकाना स्टेडियममधे मासाहिको किमुरासमोर. किमुरा जड होता, प्रचंड ताकदवान होता आणि टेक्निकमधेही जगातल्या पहिल्या फळीतला. हेलिओचा हात मोडला, तो टॅप (हार मानल्याची थाप) करेना म्हणून भाऊ कार्लोसने टॉवेल टाकला. ज्या लॉकने हात मोडला त्याला आज आपण किमुरा म्हणतो. म्हणजे बघा, टेक्निकच्या देवाला ताकद अधिक टेक्निकने हरवलं आणि ते नाव आपण क्लासमधे रोज घेतो.

पुढे त्याचा मुलगा रॉइस. १९९३ ची पहिली यूएफसी (वेगवेगळ्या खेळांतल्या लढवय्यांची स्पर्धा), डेनव्हर, गी घातलेला ८० किलोचा माणूस सगळ्यांना हरवतो. पण समोरच्या बॉक्सरला, किकबॉक्सरला जमिनीवर काय करायचं हेच माहीत नव्हतं. १९९४ मधे डॅन सेव्हर्न आला, रॉइसपेक्षा ३० किलोहून जास्त जड, कसलेला कुस्तीगीर. रॉइस त्याच्याखाली जवळजवळ १५ मिनिटं दबलेला होता आणि मग ट्रँगल (पायांनी गळा आवळणं) लावून जिंकला. अद्भुत मॅच आहे, नक्की बघ. पण त्याच वर्षी किमो या तगड्या लढवय्याबरोबरची पण बघ. जिंकला रॉइसच, पण एवढा पिळवटून निघाला की पुढच्या फेरीत लढू शकला नाही. आणि २००६ ला कुस्तीतून आलेल्या मॅट ह्यूजसमोर पहिल्याच राउंडमधे संपला. तोपर्यंत कुस्तीवाल्यांनी जिउ-जित्सू शिकून घेतलं होतं. समोरच्याला येत नसतं तेव्हा टेक्निकचा फायदा डोंगराएवढा, दोघांना सारखं यायला लागलं की वजन आणि ताकद हिशोबात येतात.

स्पर्धेवाल्यांना हे कधीपासून माहीत आहे. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या गी स्पर्धेत पुरुषांचे गट ५७.५ किलोपासून सुरू होतात आणि १००.५ च्या वर संपतात, मधे सात पायऱ्या. ताकद लागत नसती तर एवढे गट कशाला केले असते.

मॅटवरचा_मामा
@एडिसनकर मग बीजेजेचा चँपियन मार्सेलो गार्सिया? वजनं उचलत नाही असं तो उघड सांगायचा आणि ७७ किलोत चार वेळा एडीसीसी (गीशिवायची मोठी स्पर्धा) जिंकला.

एडिसनकर
@मॅटवरचा_मामा मार्सेलोचं नाव येणार हे माहीतच होतं 😀 २००७ ची एडीसीसी इथेच ट्रेंटनला झाली, त्यात तो वजनाचं बंधन नसलेल्या गटाच्या फायनलपर्यंत गेला, ७७ किलोचा माणूस! मी त्याचा भक्तच आहे. पण फायनलला रॉबर्ट ड्रायस्डेलने त्याला चोक केला, जो मोठा पण होता आणि ब्लॅक बेल्ट पण. आणि वजनं उचलत नाही म्हणजे ताकद नाही असं थोडंच आहे, त्याच्या मांड्या बघा. तुमच्याआमच्यासारखं खुर्चीवर बसून दिवस नाही काढला त्याने, वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास मॅटवर होता.

नाशिकची_निळी
मी ५२ किलो, ब्लू बेल्ट, आमच्या क्लासमधे मुली मिळून दोघीतिघी, म्हणजे मला जवळजवळ प्रत्येक रोल माझ्यापेक्षा जड माणसाशीच करावा लागतो. त्यामुळे वरचा इतिहास वाचायला छान वाटला पण @पाषाणचा_पांढरा ला उद्या संध्याकाळी काय करायचं ते कोणी सांगेना.

तुझे कोच चुकीचं सांगत नाहीयेत पण ते वाक्य ज्याच्यासाठी आहे तो माणूस तू नाहीस. ताकद वापरू नको हे त्या ९० किलोवाल्याला सांगायचं असतं. का, तर त्याचा अर्धवट स्वीप (खालून उलटवणं) पण ताकदीवर निघून जातो, मग कुठे चुकलं हे त्याला कळतच नाही, आणि पुढे त्याच्याएवढाच कोणी समोर आला की तो अडकतो. शिवाय त्याच्या धसमुसळेपणात दुसऱ्याचा गुडघा जातो. कोच सगळ्यांना एकाच दमात सांगतात आणि ६२ किलोचा मुलगा ते प्रामाणिकपणे ऐकून अजून ढिला पडतो. तू ताकद वापर रे बाबा, आहे तेवढी सगळी वापर. फक्त कुठे आणि कधी ते ठरव.

कुठे: पाय, कंबर, पाठ. हाताने ढकलायचं नाही. साइड कंट्रोलखाली अडकल्यावर नवीन मुलं बेंचप्रेस करतात, छातीवरून माणूस उचलायला बघतात, दीड मिनिटात हात संपतात. त्याऐवजी हात दुमडून कोपर ते मनगट हे हाड त्याच्या मानेला आणि कमरेला टेकव, भार हाडावर जाऊ दे, आणि हलायचं काम कमरेला सांग. तो हलणार नाहीये, तू त्याच्याखालून सरकणार आहेस.

कधी: तो जागा बदलत असतो तेव्हा. साइडवरून माउंटला (अंगावर बसायला) जाताना, पकड बदलताना, एक गुडघा उचलताना. त्या अर्ध्या सेकंदात जोर लाव, सगळा लाव, ब्रिज मारायचा तर छताला भिडल्यासारखा मार. एरवी श्वास घेत पडून राहा. मी बघते ना, तुझ्यासारखी मुलं पूर्ण पाच मिनिटं सगळं अंग आवळून असतात, श्वाससुद्धा रोखलेला असतो आणि जेव्हा खरंच जागा मिळते तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं.

आणि तिसरी गोष्ट जी कोणी सांगत नाही. लवकर. जड माणसाची छाती एकदा नीट बसली की तिथून सुटणं ब्लॅक बेल्टलापण जड जातं. फ्रेम, म्हणजे ते हाताचं हाड, छाती टेकायच्या आधी लागली पाहिजे, उशिरा लावलेली फ्रेम म्हणजे पाणी घरात शिरल्यावर दाराला लावलेला पाट. म्हणून तुझी सगळी टेक्निक "उशिरा" चालू होतेय म्हणून फसतेय असं मला वाटतं, कमी ताकदीमुळे तेवढी नाही. ड्रिलमधे समोरचा थांबलेला असतो ना, तिथे वेळ कळतच नाही. कोचला सांगून पोझिशनल स्पारिंग माग: माउंटखालून सुरुवात, सुटलास किंवा टॅप झालास की परत तिथूनच. आधी तुझ्या वजनाच्या मुलांबरोबर, मग जड.

खेळ पण बदल. क्लोज्ड गार्डमधे ९० किलोवाल्याला समोर बसवून ठेवायची हौस सोड, पाठीमागे जा. पाठीवर असलं की त्याचं वजन तुझ्या अंगावर येत नाही आणि त्याच्या हातांना तुला काही करता येत नाही. मी जड लोकांना जे काही टॅप केलंय त्यातलं बहुतेक पाठीवरूनच.

आणि धसमुसळा असेल तर रोलला सरळ नाही म्हण. यात लाज नाही.

तांबडीमाती
@नाशिकची_निळी ताई, एक नंबर लिहिलंत. "लवकर" हा मुद्दा आमचे वस्ताद शिव्या देऊन सांगायचे.

ठाण्याचा_फिजिओ
ब्लू बेल्ट दादाचा सल्ला अर्धा बरोबर आहे, डेडलिफ्ट कर, पण सहा महिने क्लास सोडून नको. क्लास चालू ठेवून आठवड्यातून दोन दिवस बास. एखादा ओढायचा व्यायाम म्हणजे पुलअप किंवा रोइंग, एक डेडलिफ्टसारखा कमरेतून वाकायचा, एक पायांचा, आणि मान. मानेकडे कोणी बघत नाही आणि या खेळात सगळ्यात जास्त ओढाताण तिचीच. जोर मारता येत असतील तर मारा, खांदा पूर्ण फिरतो, पाठ हलते, बेंचप्रेसपेक्षा या खेळाला जवळचे आहेत. क्लासच्या आधी दमेपर्यंत उचलू नका.

मी ताकद जिंकण्यासाठी सांगत नाहीये. तिशीनंतर खुर्चीवरून उठून मॅटवर येणारे माझ्याकडे येतात ते खांदा, बरगडी, कंबर आणि बोटांची पेरं घेऊन. जरा भक्कम शरीर असेल तर एखादा वाकडातिकडा पडलेला झटका सहन होतो, आणि माणूस मॅटवर टिकला तरच टेक्निक येणार ना. बोटांसाठी एक सांगतो, गीची पकड निसटतेय असं दिसलं तर सोडून परत धरा, जिवाच्या आकांताने लटकून राहू नका. आणि आर्मबारमधून ताकदीने हात खेचून काढणं बंद करा, तो ९० किलोवाला जे करतोय ते. आज निघतो हात, एखाद्या दिवशी समोरच्याची कंबर बरोबर जागी असेल आणि कोपर जाईल. त्याला कोणीतरी हे सांगा खरं तर.

डोंबिवलीकर_७२
म्हणजे थोडक्यात कोचपण बरोबर, ब्लू बेल्टपण बरोबर, आणि बिचारा हा रोज दबतोय तोपण बरोबर.

पाषाणचा_पांढरा
सगळ्यांना धन्यवाद, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. मामा, फॉन फ्लू ट्राय केला. चोक काही लागला नाही कारण खांदा कुठे ठेवायचा ते अजून कळत नाहीये, पण त्याने घाबरून मान सोडली आणि मी निवांत माउंटला गेलो, मग त्याने मला उडवलं तो भाग सोडा. निळी ताईंचं ते फ्रेम लवकर लावायचं करून बघतोय, छाती यायच्या आधी एक हात तरी मधे राहतोय आता. दुसऱ्या हाताचं काय करायचं? तो कायम माझ्या कमरेकडचा हात उचलून वर ढकलतो आणि मग मी परत सपाट.

तांबडीमाती
भावा, तो हात कमरेवर ठेवूच नको मग. कोपर तुझ्या बरगडीला चिकटवून ठेव, कोपर आणि गुडघा यांच्यामधे त्याला जागा द्यायची नाही. तो हात उचलायला आला की तुझ्याकडं त्याच्या काखेखालून हात घालायची संधी आहे, अंडरहुक, तो मिळाला की कुशीवर वळ आणि गुडघ्यावर ये. पालथा पडून राहू नको फक्त, गुडघ्यावर आलास की लगेच त्याचा पाय धर, एकेरी पट. खालून पट काढला तर तो ९० चा का असेना, एका पायावर उड्या मारत राहतो. आमच्याकडचे पैलवान हे झोपेत करतात, एखादा गाठून दोन दिवस त्याच्याकडून पट शिकून घे, चहा पाजलास की शिकवेल.

पाषाणचा_पांढरा
हे भारी आहे, करतो. अजून एक, कोच म्हणतायत पुढच्या लोकल स्पर्धेत उतर. आयबीजेजेएफचेच गट वापरतात म्हणे. ६२ किलो म्हणजे मी ६४ च्या आतच ना?

एडिसनकर
गी घालून वजन करतात, आणि गी दीड-दोन किलोची असते. काठावर आहेस. आदल्या दिवशी ज्या गीत खेळणार तीच घालून काट्यावर उभा राहा, जास्त भरलं तर हलकी गी घे उसनी कोणाची तरी.

नाशिकची_निळी
किंवा सरळ ७० मधे खेळ. पहिल्याच स्पर्धेसाठी उपाशी राहू नकोस, आणि ७० चे लोक त्या तुमच्या ९० वाल्यापेक्षा हलकेच असतात.